बार्बीचा बांधा : २०१६ सालच्या एका बदलाचे प्रकरण

माझ्यासमोर टेबलावर दोन बाहुल्या आहेत. पहिली १९९० च्या दशकात आमच्या घरी आली. तिचे केस आता विंचरण्यापलीकडे गुंतले आहेत, पण तिच्या अंगावर मावशीने खणाच्या उरलेल्या तुकड्यातून शिवलेले परकर-पोलके अजून शाबूत आहे. दुसरी बाहुली भाचीसाठी घेतलेली, २०१६ नंतर बाजारात आलेल्या भरल्या अंगाच्या बार्बींपैकी एक. भाचीने हट्टाने पहिलीचा परकर दुसरीला घालायला घेतला आणि तो मांड्यांच्या वर सरकेना. तिने बाहुली उलटी धरून डोक्याकडून घालून पाहिला, तेव्हा तो खांद्यांपाशी अडकला. दोन्ही बाहुल्यांच्या खोक्यांवर नाव एकच, कंपनी एकच, पण एकीचे कपडे दुसरीला येत नव्हते.

या अडलेल्या परकराच्या निमित्तानेच मी हे प्रकरण मांडते आहे. बालपणीच्या खेळण्याला नवे रूप दिले की चर्चा होते ती चेहऱ्याची, रंगाची आणि आठवणींची. बार्बीच्या बाबतीत प्रश्न मापाचा होता. मॅटेल या अमेरिकी कंपनीने तब्बल ५७ वर्षे ज्या एका मापाला हात लावायचे टाळले, ते माप २०१६ मध्ये का बदलले, बदलताना काय काय उसवले आणि ते कुठवर सांधले गेले, हे पाहिले तर जुन्या खेळण्याला नवे करण्यात खरी अडचण कुठे असते ते स्पष्ट दिसते.

एक बाहुली, एक माप

रूथ हँडलर आपल्या मुलीला, बार्बराला, कागदी बाहुल्यांशी खेळताना पाहत असत. त्या काळच्या अमेरिकेत दुकानातल्या बाहुल्या बहुतेक तान्ह्या बाळांच्या असत आणि मुलींनी त्यांची आई व्हावे एवढीच त्या खेळाची कल्पना होती. कागदी बाहुल्या मात्र मोठ्या स्त्रियांच्या होत्या. त्यांना कागदाचे कपडे लावायचे, बदलायचे, आणि त्यांच्या तोंडून मोठेपणीच्या गोष्टी बोलायच्या. हाच खेळ भरीव, हातात धरता येणाऱ्या बाहुलीवर खेळता आला तर, असा विचार हँडलर यांनी केला. १९५६ मध्ये युरोपच्या प्रवासात स्वित्झर्लंडमध्ये त्यांना ‘बिल्ड लिली’ नावाची जर्मन बाहुली दिसली. ती एका वृत्तपत्रातील व्यंगचित्रमालेतल्या तरुणीवरून केलेली होती आणि मुळात मोठ्यांसाठी गंमत म्हणून विकली जात असे. बार्बीचा बांधा त्या लिलीवरून आला. उंच मान, चिमटीत मावेल अशी कंबर, लांबलचक पाय आणि टाच उचललेली पावले, हे सगळे तिच्याकडून घेतलेले आहे. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात साडेअकरा इंच उंचीची, म्हणजे सुमारे २९ सेंटीमीटरची, बार्बी लोकांसमोर आली. किंमत तीन डॉलर होती आणि पहिल्याच वर्षी तीन लाखांहून अधिक बाहुल्या खपल्या.

मॅटेलच्या व्यवहाराचे मर्म बाहुलीपेक्षा तिच्या कपड्यांत होते. बाहुली एकदाच घेतली जाई, कपडे मात्र वाढदिवसाला, नाताळाला, खाऊच्या पैशांतून पुन्हा पुन्हा घेतले जात. शार्लट जॉन्सन यांनी आखलेले ते सुरुवातीचे कपडे जपानमध्ये शिवले जात आणि त्यांना बारीक बटणे, अस्तर, सरकणाऱ्या चेनी असत. या सगळ्याला आधार एकाच गोष्टीचा होता : कुठल्याही दुकानातून आणलेला बार्बीचा पोशाख कुठल्याही बार्बीला बेतल्यासारखा बसे. मैत्रिणीचा झगा आपल्या बाहुलीला घालता येई, मोठ्या बहिणीच्या बाहुलीचे कपडे धाकटीच्या बाहुलीला चालत.

आपल्याकडच्या बाहुल्यांशी ताडून पाहिले की यातले वेगळेपण लक्षात येते. सावंतवाडीच्या चितारआळीत मिळणाऱ्या लाकडी बाहुलीचे लुगडे तिच्या अंगावरच रंगवलेले असते. ठकीला कपाट लागत नाही. आजीने चिंध्या भरून केलेल्या कापडी बाहुलीला कपडे लागतात, पण ते त्या एकाच बाहुलीच्या अंगावर धरून बेतलेले असतात आणि शेजारच्या घरच्या बाहुलीला ते येतील अशी अपेक्षा कोणी करत नाही. बाहुला-बाहुलीच्या लग्नात नवरीचा शालू वेगळा शिवावा लागतो आणि त्या शिवण्यातच निम्मा खेळ असतो. या बाहुल्यांच्या बाबतीत बाहुली आधी येते आणि माप नंतर. बार्बीच्या बाबतीत माप हेच आधी आले आणि बाहुली त्या मापाची रखवालदार झाली.

कंबर इतकी बारीक का, यालाही शिवणकामातले एक खरे कारण आहे. बार्बी माणसाच्या सुमारे एक षष्ठांश मापाची आहे, पण तिच्यासाठी कापड काही सहापट पातळ विणता येत नाही. मावशीने शिवलेला परकर उलटा करून पाहिला म्हणजे हे समजते. कमरेपाशी नेफ्याच्या दोन घड्या आहेत, त्यात नाडीऐवजी ओवलेला जाड दोरा आहे, खाली चुण्यांचा गोळा आहे आणि वर पोलक्याची दुमड येते. माणसाच्या कमरेवर एवढे थर आले तरी बोटभर फुगवटा दिसत नाही, पण बाहुलीच्या कमरेवर ते थर सहापट जाड दिसतात. कपडे घातल्यावर कंबर कमरेसारखी दिसायची असेल तर कपड्यांखालची कंबर कमी करावीच लागते. बार्बीच्या रचनेच्या प्रमुख किम कल्मोन यांनी २०१४ मध्ये एका मुलाखतीत हाच मुद्दा मांडला होता. बाहुलीचे शरीर वास्तवाबरहुकूम असावे म्हणून घडवलेलेच नाही, मुलींना कपडे सहज चढवता-उतरवता यावेत म्हणून घडवले आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे कपडे एकमेकींना यावेत हेही पाहावे लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हा युक्तिवाद मला अर्धा पटतो. कमरेपुरता तो बिनतोड आहे. पण लांबलेली मान, काडीसारखे पाय आणि कायमची टाच उचललेली पावले यांचा कापडाच्या जाडीशी काही संबंध नाही. कंपनीने एका खऱ्या अडचणीच्या आडोशाला इतर बऱ्याच गोष्टी ठेवल्या होत्या.

चेहरा बदलत गेला, बांधा राहिला

बार्बी २०१६ पूर्वी कधी बदललीच नाही असे मात्र नाही. १९६७ मध्ये तिची कंबर वळू लागली आणि डोळ्यांना खऱ्यासारख्या पापण्या आल्या. १९७१ मध्ये, तोवर तिरकी व खाली झुकलेली तिची नजर सरळ समोर आली. एका लहानशा रंगकामाच्या फरकाने बाहुली पाहणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊ लागली, आणि माझ्या मते २०१६ पूर्वीच्या बदलांत हा सर्वांत अर्थपूर्ण होता. १९७७ मध्ये तिला दात दाखवणारे रुंद हसू मिळाले. वर्णाच्या बाबतीत कंपनी संथ होती. १९६८ मध्ये क्रिस्टी ही कृष्णवर्णीय मैत्रीण आली, पण ‘बार्बी’ हे नाव लावणारी कृष्णवर्णीय बाहुली यायला १९८० साल उजाडले. ती किटी ब्लॅक पर्किन्स यांनी घडवली होती. तिचे केस आखूड कुरळे आणि अंगावर लाल पोशाख होता. नाव, रंग, केस, हसू असे सगळे बदलत गेले, पण अंगाचे माप तेच राहिले. १९९७-९८ च्या सुमारास कंबर किंचित रुंद आणि छाती किंचित कमी करण्यात आली, तेव्हा वृत्तपत्रांतून गाजावाजा झाला. प्रत्यक्षात दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तो फरक शोधावा लागला असता.

आक्षेप मात्र फार आधीपासून होते आणि ते उगाच नव्हते. १९६५ मध्ये रात्रीच्या मुक्कामाच्या खेळासाठी काढलेल्या बार्बीसोबत एक गुलाबी वजनकाटा आला होता. त्याचा काटा ११० पौंडांवर, म्हणजे सुमारे ५० किलोंवर, कायमचा थांबलेला होता. सोबत वजन कसे कमी करावे या विषयावरचे एक चिमुकले पुस्तक होते आणि त्याच्या मलपृष्ठावर ‘खाऊ नका’ एवढाच सल्ला छापलेला होता. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी बार्बी आणि तिचा मित्र असलेला बाहुला केन यांची मापे माणसाच्या उंचीपर्यंत वाढवून खऱ्या तरुण माणसांच्या मापांशी ताडली. केनसारखा बांधा सुमारे पन्नास पुरुषांत एकाचा असू शकतो, पण बार्बीसारखा बांधा एक लाख स्त्रियांत एकीचाही असण्याची शक्यता नाही, असा त्यांचा हिशेब निघाला. एकाच कंपनीच्या, एकाच घरात राहणाऱ्या या जोडीतला तो आटोक्यातला माणूस आणि ती मात्र अशक्य, हा फरक मला त्या आकड्यांपेक्षाही जास्त बोलका वाटतो.

याहून नेमके काम २००६ मध्ये ब्रिटनमध्ये झाले. हेल्गा डिटमार, एमा हॅलिवेल आणि सुझॅन आइव्ह यांनी पाच ते आठ वर्षांच्या १६२ मुलींना चित्रांची पुस्तके दाखवली. काहींत बार्बी होती, काहींत भरल्या अंगाची एम ही बाहुली होती आणि काहींत बाहुलीच नव्हती. बार्बीची चित्रे पाहिलेल्या लहान मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल कमी समाधान वाटले आणि आपण अधिक बारीक असावे अशी इच्छा त्यांच्यात वाढली. गटातल्या सर्वांत मोठ्या मुलींवर मात्र हा परिणाम तसा दिसला नाही. म्हणजे ज्या वयात बाहुली उशाशी घेऊन झोपतात, नेमक्या त्याच वयात तिचे शरीर मोजपट्टी बनत होते.

कंपनी हलली ती विक्रीमुळे

या संशोधनांनी कंपनी बदलली, असे लिहायला मला आवडले असते, पण घडले तसे नाही. २०१२ पासून बार्बीची विक्री दर वर्षी घसरत गेली आणि २०१४ मध्ये ती सुमारे १६ टक्क्यांनी पडली. त्याच वर्षी डिस्नेच्या राजकन्यांच्या बाहुल्या काढण्याचा परवाना मॅटेलच्या हातून निसटून हॅस्ब्रो या प्रतिस्पर्ध्याकडे जाणार असल्याचे जाहीर झाले. डिस्नेच्या ‘फ्रोझन’ चित्रपटातल्या हिमराणी एल्सावर मुली जीव टाकत असतानाच तिची बाहुली २०१६ पासून दुसऱ्याची होणार होती. जानेवारी २०१५ मध्ये मॅटेलच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला पद सोडावे लागले.

बाहेरून एक धक्काही बसला होता. निकोलाय लॅम या तरुण कलावंताने अमेरिकेतील १९ वर्षांच्या मुलींच्या सरासरी मापांवरून एक बाहुली कल्पिली, तिची चित्रे सर्वदूर पोहोचली, आणि २०१४ मध्ये लोकांनी आगाऊ दिलेल्या पैशांतून ‘लॅमिली’ या नावाने ती प्रत्यक्षात आलीही. व्यवहाराच्या दृष्टीने लॅमिली बार्बीपुढे किरकोळ होती. पण साधारण मापाच्या बाहुलीलाही कपडे शिवता येतात आणि ती विकतही घेतली जाते, एवढे तिने दाखवून दिले. त्यानंतर कापडाच्या जाडीची सबब पूर्वीइतकी टिकण्यासारखी राहिली नाही.

शिवाय खेळणे मुलीला हवे असले तरी पैसे आई मोजते, आणि ही आई आता बार्बीवरचे आक्षेप ऐकतच मोठी झालेली होती. मुलीच्या वाढदिवसाला बार्बी नेली तर यजमानीण काय म्हणेल, असा संकोच ज्या खेळण्याबद्दल वाटू लागतो, त्याची विक्री जाहिरातीने वाढत नाही. कंपनीने नफ्यासाठी बदल केला म्हणून तो खोटा ठरतो, असे मला वाटत नाही. खेळणी विकणारी कंपनी विक्रीचीच भाषा आधी ऐकते. खेद एवढाच की ५० किलोंवर अडकलेल्या काट्यापासून इथवर येताना दोन पिढ्यांच्या मुली मध्ये होऊन गेल्या.

२०१५ मध्ये तयारीचे पहिले पाऊल पडले, आणि ते अक्षरशः पाऊलच होते. ‘फॅशनिस्टाज’ या मालिकेत वेगवेगळ्या वर्णांच्या, चेहऱ्यांच्या आणि केसांच्या २३ बाहुल्या आल्या आणि त्यांच्या घोट्याला सांधा देण्यात आला. या बार्बींना सपाट चपला घालून उभे राहण्यासारखी पावले मिळाली.

नाव काय द्यायचे

मोठा बदल कंपनीत गुप्तपणे चालू होता. त्याला ‘प्रोजेक्ट डॉन’ असे नाव होते. डॉन म्हणजे पहाट. तीन नवे बांधे ठरले : एक उंच, एक लहानखुरी आणि एक भरल्या अंगाची. इंग्रजीत त्यांना ‘टॉल’, ‘पेटीट’ आणि ‘कर्व्ही’ म्हटले गेले, आणि जुन्या बांध्याला ‘ओरिजिनल’. या शब्दांवर कंपनीत बराच काथ्याकूट झाला, कारण तेच शब्द अनेक देशांत आणि भाषांत वापरायचे होते आणि कुठल्याही भाषेत ते टोचायला नको होते.

ही अडचण किती खरी आहे हे मराठी बोलणाऱ्याला सांगायला नको. उंच मुलीला ‘शेलाटी’ म्हटले तर ती खुलते, ‘ताडमाड’ म्हटले तर हिरमुसते. लहान चणीच्या मुलीला ‘लहानखुरी’ म्हणण्यात माया आहे आणि ‘ठेंगणी’ म्हणण्यात मोजमाप. पण भरल्या अंगाच्या मुलीसाठी साधा, ना कौतुकाचा ना कमीपणाचा, असा शब्द शोधू गेले तर हात रिकामा येतो. ‘गुटगुटीत’ बाळाला शोभते, आठ वर्षांच्या मुलीला नाही. ‘खात्यापित्या घरची’ हे लग्नाच्या बैठकीत पडदा टाकायला वापरतात. ‘अंगापिंडाने सुदृढ’ म्हटले की डॉक्टरांचा किंवा पहिलवानाचा वास येतो. ‘जाडी’ हा तर शब्दच नव्हे, शाळेत मारलेली हाक आहे. मीही या लेखात ‘भरल्या अंगाची’ असे म्हणते आहे ते त्यातल्या त्यात ऊबदार वाटते म्हणून, आणि तरीही लिहिताना प्रत्येक वेळी थबकते.

मुली तरी हा शब्द सहज उच्चारत होत्या का? ‘टाइम’ साप्ताहिकाच्या वार्ताहराला मॅटेलच्या चाचणीच्या खोलीतील खेळ पाहू देण्यात आले होते, आणि तिथल्या दोन मुली माझ्या मनातून जात नाहीत. सहा वर्षांची एक मुलगी नव्या बाहुलीला हातात नाचवत, तिच्याच आवाजात, मी जाडी, जाडी, जाडी असे म्हणत होती. सात वर्षांच्या दुसऱ्या, लाजाळू मुलीने तो शब्द तोंडातून काढलाच नाही. बाहुलीचे मन दुखावेल म्हणून तिने त्याची एकेक अक्षरे सुटी करून सांगितली. पहिलीने चिडवण्याची रीत सहाव्या वर्षीच आत्मसात केली होती, आणि दुसरीला ती रीत माहीत होती म्हणूनच तिने प्लॅस्टिकच्या तुकड्याला त्यापासून वाचवले. बाहुलीचा बांधा बदलून मुलींची मने बदलतील या आशेची मर्यादा कंपनीला स्वतःच्याच खोलीत, बाहुली बाजारात येण्याआधी दिसली होती. तरीही त्यांनी ती बाजारात आणली, याचे श्रेय मी त्यांना देते.

२८ जानेवारी २०१६ रोजी घोषणा झाली. चार बांधे, सात वर्ण, डोळ्यांच्या २२ छटा आणि केसांच्या २४ रचना असा तो पसारा होता, आणि ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर नव्या बांध्याची बार्बी झळकली.

उसवलेली शिवण

आता परकराकडे वळते. चार बांधे आले त्या दिवशी ‘कुठलाही पोशाख कुठल्याही बार्बीला’ हे वचन संपले. भरल्या अंगाच्या बाहुलीला जुन्या बाहुलीचा झगा नितंबांवरून जाईना, लहानखुरीला तोच झगा खांद्यावरून ओघळू लागला आणि उंच बाहुलीला विजार घोट्याच्या वर राहू लागली. पावले वेगळी झाल्यामुळे चपलांचे जोडही सगळ्यांना सारखे येईनात. कपड्यांच्या पाकिटांवर ते कोणत्या बांध्याला येतील हे दाखवावे लागले. ज्या घरात जुन्या कपड्यांनी भरलेला डबा होता, तिथे नवी बाहुली त्या डब्याला परकी ठरली.

या अडचणीवर कारखान्याने काढलेला तोडगा शिंप्याचाच होता. नव्या बाहुलीच्या कपड्यांत ताणणारे विणीचे कापड अधिक आले, कमरेला पट्टी न शिवता एकसंध झगे आले, आणि पाठीमागे वरून खालपर्यंत उघडणारी वेलक्रोची पट्टी आली. भाचीच्या बाहुलीचा झगा उलटा करून पाहिला तर त्याला कमरेवर शिवणच नाही, फक्त दोन बाजूंच्या दोन टिपा आहेत. थरांची अडचण थर काढून टाकून सोडवली आहे. उपाय व्यवहार्य आहे, पण त्यात काही हरपलेही आहे. १९६० च्या दशकातल्या त्या जपानी शिवणीतले अस्तर आणि बोटाच्या पेरावर मावणारी बटणे यांतली करामत या झग्यात नाही. ती करामत बारीक कमरेच्या बाहुलीसाठीच होती, असे म्हणायला माझे मन धजत नाही. दहा डॉलरच्या आत बाहुली द्यायची, तर शिवण साधी करणे भागच होते, इतकेच.

बार्बीच्या जगातले कपड्यांखेरीज दुसरे माप म्हणजे तिचे घर, आणि तिथे हाच पेच आधी एकदा पडून गेलेला होता. १९९७ मध्ये मॅटेलने बेकी नावाची, चाकांच्या खुर्चीत बसलेली बाहुली आणली. तिचे चांगले स्वागत झाले. मग सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलीने लक्षात आणून दिले की बेकीची खुर्ची बार्बीच्या ‘ड्रीमहाउस’ या खेळण्यातल्या घराच्या लिफ्टमध्ये जात नाही. बाहुली मैत्रिणीच्या घरी जाऊ शकत होती, वरच्या मजल्यावर मात्र नाही. कंपनीने घर बदलू असे सांगितले, पण पुढे बेकीच बाजारातून नाहीशी झाली. मला हे प्रकरण २०१६ च्या सगळ्या आकड्यांपेक्षा अधिक शिकवणारे वाटते. नवी बाहुली घडवायला एक साचा पुरतो, पण तिला आधीच्या खेळात सामावून घ्यायचे तर दार, जिना, लिफ्ट, गाडी, कपाट असे सगळेच पुन्हा मोजावे लागते. तेवढी तयारी नसेल तर पाहुणी दारातच राहते. २०१९ मध्ये मॅटेलने खुर्चीवर बसणारी बार्बी पुन्हा आणली. त्या वेळी खुर्ची चढवण्या-उतरवण्यासाठी एक उतरती फळी दिलेली होती आणि ती बार्बीच्या घराला लागेल अशीच घडवली होती. बावीस वर्षांनी का होईना, कुणीतरी दाराची उंची मोजली होती.

पुढे काय झाले

२०१६ मध्ये बार्बीची विक्री सुमारे ७ टक्क्यांनी वाढली, पुढच्या वर्षी थोडी घसरली आणि २०१८ मध्ये पुन्हा एक अब्ज डॉलरच्या वर गेली. २०१७ मध्ये केनलाही सडपातळ आणि रुंद असे दोन नवे बांधे मिळाले. कृत्रिम पाय, कोड, श्रवणयंत्र, डाउन सिंड्रोम, टाइप १ मधुमेह अशा कितीतरी मुलींची ओळख सांगणाऱ्या बाहुल्या त्यानंतर एकामागून एक येत गेल्या. त्या सगळ्यांची वाट २०१६ ने मोकळी केली असे मी मानते, कारण एकदा माप मोडता येते हे कळल्यावर बाकीच्या नकारांना आधार उरला नाही.

मुलींचे काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे. अमेरिकेतील जेनिफर हॅरिगर आणि सहकाऱ्यांनी तीन ते दहा वर्षांच्या मुलींना चारही बांध्यांच्या बाहुल्या दाखवून त्यांची मते विचारली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भरल्या अंगाच्या बाहुलीबद्दलची मते सर्वांत प्रतिकूल होती आणि खेळायला ती सर्वांत कमी मुलींनी निवडली. चाचणीच्या खोलीतल्या त्या सहा वर्षांच्या मुलीने जे दाखवले होते तेच इथे मोजून निघाले. यावरून ती बाहुली काढूच नये, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो मला मान्य नाही. तीन वर्षांची मुलगी ही नावड दुकानातून घेत नाही. ती घरात, शाळेच्या गाडीत, लग्नातल्या पंगतीत ऐकलेल्या बोलण्यातून घेते, आणि त्या बोलण्याला एका बाहुलीने तीन वर्षांत उत्तर द्यावे ही अपेक्षाच जास्तीची आहे.

कंपनीकडून राहून गेलेली एक गोष्ट मात्र मला खटकते, ती म्हणजे जुन्या बांध्याला दिलेले ‘ओरिजिनल’ हे नाव. उंच, लहानखुरी आणि भरली ही तिघींची वर्णने आहेत. चौथीला ‘सडपातळ’ म्हटले असते तर चौघी एका ओळीत उभ्या राहिल्या असत्या. ‘मूळ’ म्हटल्याने बाकीच्या तिघी तिच्यावरून काढलेल्या आवृत्त्या ठरल्या. शब्दांवर एवढा काथ्याकूट करणाऱ्यांच्या नजरेतून हे सुटले असेल असे वाटत नाही. आठवणीतली बाहुली जागच्या जागी राहावी, असे त्यांना वाटले असावे. ज्या आईने स्वतः ती बाहुली खेळवली, तिला दुकानात ती ओळखीची खूण हवी असते, हे मी समजू शकते. मावशीने शिवलेला परकर जिला बेतल्यासारखा बसतो, ती माझ्यासाठीही ‘आमची’ बार्बी आहेच. पण भाची ज्या बाहुलीला घेऊन झोपते, ती तिच्यासाठी मूळच आहे.

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी दोऱ्याने दोन्ही बाहुल्यांची मापे घेतली. कमरेला फार नाही, पण नितंबांना चांगला बोटभर फरक निघाला. परकराच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून त्यात खणाचाच तुकडा घालायचे ठरले, पण मावशीच्या हातची टीप उसवायला मला धीर होईना, म्हणून आम्ही नवा परकर शिवला. खण मिळाला नाही, जुन्या इरकलीच्या पदराचा तुकडा होता तो घेतला. नेफ्यात दोऱ्याऐवजी बारीक इलॅस्टिक ओवले आणि चुण्या कमी घातल्या. नवीला तो नीट बसला. जुनीला घालून पाहिला तर घसरला, मग भाचीने तो तिच्या कमरेवर एक घडी मारून खोचला आणि दोघींना खिडकीत शेजारी शेजारी बसवून ती जेवायला गेली.